पेटीतील अस्थी आणि इनामगावची मुले

२६ जुलै २००५ च्या महापुरात वालधुनी नदीचे पाणी उल्हासनगरातील ज्या चिकित्सालयांत शिरले, त्यांत आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचेही चिकित्सालय होते. चूर्णांच्या बरण्या, रुग्णांच्या नोंदवह्या, लाकडी कपाट असे बरेच काही त्या रात्री गेले. खाटेखालची पत्र्याची एक पेटी तेवढी राहिली. ती बाहेरून पुसून माळ्यावर टाकण्यात आली आणि पुढे सर्वांच्याच विस्मरणात गेली. अलीकडे जागा बदलण्याच्या निमित्ताने ती खाली उतरवून आमच्यापैकी चौघांच्या समक्ष उघडली, तेव्हा वाळून भेगाळलेल्या गाळात रुतलेला अर्धा अस्थिसंच आत दिसला. कवटी, खालचा जबडा, एका बाजूच्या हातापायांची हाडे, श्रोणिफलक, अक्षक, काही पर्शुका आणि दोरीत ओवलेले मणके.

वैद्यबंधुभगिनींना याचे नवल वाटणार नाही. प्रथम वर्षाच्या रचना शारीरासाठी 'बोन सेट' वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून निम्म्या किमतीत घ्यावयाचा, परीक्षा झाली की खालच्या वर्गातील विद्यार्थ्यास विकावयाचा, गिऱ्हाईक न मिळाल्यास गुपचूप घरी आणून जिन्याखाली ठेवावयाचा, ही रीत आमच्या पिढीत सर्वत्र होती. (घरातील आजीला सुगावा लागू नये म्हणून पेटीवर 'जुनी पुस्तके' असे लिहिणारे विद्यार्थीही आमच्या माहितीत आहेत.) ऊर्वस्थीवरील प्रत्येक उंचवट्याचे नाव आम्हांस पाठ होते. ती ऊर्वस्थी कोणाची, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही.

गाळ धुण्यासाठी पाणी व मऊ कूर्चक घेऊन बसलो असता सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाचा पाचवा अध्याय आठवणे अपरिहार्य होते. विषाने न मेलेला, दीर्घ व्याधीने न पीडलेला, शंभर वर्षांचा न झालेला असा सर्वांगयुक्त देह घ्यावा. आंत्रातील मल काढून तो मुंज, कुश, ताग इत्यादींनी वेष्टावा. वाहत्या पाण्यात, आडोशाच्या जागी पिंजऱ्यात ठेवावा. आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, वेळू यांच्या कूर्चकाने हळूहळू घासत त्वचेपासून आतील एकेक अवयव डोळ्यांनी पाहावा, असा तो विधी आहे. आमचा कूर्चक म्हणजे दाढीचा जुना ब्रश होता, एवढाच फरक. याच अध्यायात सुश्रुतांनी अस्थींची संख्या ३०० सांगितली आहे : शाखांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३. चरकसंहितेत ती ३६० आहे, कारण तेथे दात, दातांची उखळे आणि नखेही मोजली जातात. आधुनिक गणना २०६ ची. रुडॉल्फ हर्न्ले या पंडिताने १९०७ मध्ये प्राचीन भारतीय अस्थिगणनेवर संपूर्ण ग्रंथ लिहून या संख्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. मात्र संख्येच्या वादात आपला व्यवसाय इतका रमला, की एकाच अस्थीत किती माहिती साठविलेली असते, याकडे आपले दुर्लक्ष झाले असे आम्हांस वाटते.

ती माहिती वाचण्याचे शास्त्र न्यायवैद्यकात वाढले. बेवारस सांगाडा सापडला की स्त्री की पुरुष, वय किती, उंची किती, इजा मरणापूर्वीची की नंतरची, हे प्रश्न न्यायालयासमोर येतात. पुरातत्त्ववेत्ते हेच प्रश्न तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यास विचारतात. आम्हीही, पाठ्यपुस्तके समोर ठेवून, पेटीतील अस्थींस ते विचारून पाहिले. श्रोणिफलकावरील ज्या खाचेतून गृध्रसी नाडी जाते, ती खाच चांगली रुंद होती. म्हणजे व्यक्ती स्त्री असण्याचा संभव अधिक. त्याच अस्थीची वरची कड खालच्या भागाशी जुळून आली होती, पण सांध्याची रेषा अद्याप पुसली नव्हती. अक्षकाचे उराकडील टोक पूर्ण जुळलेले नव्हते. यावरून वय वीस ते पंचवीसच्या आसपास. ऊर्वस्थीची लांबी साडेचाळीस सेंटिमीटर. तिच्यावरून उंची दीड मीटरच्या जवळपास निघते. आणि वरच्या सुळ्यावर, दाताच्या मध्यभागी, आडवी खोलगट रेघ होती.

ती रेघ पाहून आमच्यातील एक भगिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. हाड आयुष्यभर झिजते व भरून येते. दाताचे एनॅमल मात्र एकदाच घडते व पुन्हा दुरुस्त होत नाही. मूल दीर्घ ज्वराने, अतिसाराने वा उपासमारीने ग्रासले की एनॅमल घडण्याचे काम काही काळ थांबते आणि तेथे रेघ राहते. कायमच्या सुळ्याचा माथा जन्मानंतर काही महिन्यांपासून सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत घडत असल्याने रेघेच्या जागेवरून आजारपणाचे वयही ढोबळपणे सांगता येते. या मुलीस तीन-चार वर्षांची असताना काहीतरी मोठे दुखणे आले होते. त्यातून ती वाचली आणि पुढे ऐन विशीत गेली. सुश्रुतांनी अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे पाच प्रकार सांगताना दातांना 'रुचक' म्हणून अस्थींतच गणले आहे. भूतकाळातील बालकाच्या प्रकृतीची सर्वांत विश्वासू नोंदवही हा रुचकच होय.

महाराष्ट्रात ही नोंदवही सर्वांत बारकाईने वाचली गेली ती इनामगावच्या मुलांची. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे स्थळ आहे. आपली उल्हास सह्याद्रीतून पश्चिमेस उतरते, घोड पूर्वेस. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. हसमुख सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारास नऊशे वर्षे तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे तिचे तीन कालखंड पाडले जातात. जव हे त्यांचे मुख्य धान्य. गुरे, शेळ्यामेंढ्या होत्या, शिकारही होती. आणि घरांच्या जमिनीखाली, अंगणात, दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची होती.

मूल गेले की दोन मडकी तोंडास तोंड लावून आडवी ठेवावयाची, त्यांत ते निजवावयाचे व घरातच खड्डा करून पुरावयाचे, अशी त्या लोकांची पद्धत होती. ज्या जमिनीवर आई जेवण रांधीत असे, तिच्याच खाली. या दफनांचे वर्णन आम्ही पूर्वी वाचले होते, परंतु पेटीतील सुळा हाती धरल्यानंतर ते पुन्हा वाचले तेव्हा निराळे वाटले.

इनामगावच्या सांगाड्यांचा पहिला सविस्तर अभ्यास डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे डॉ. जॉन लुकाच यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुधाच्या सुळ्यांच्या पुढच्या बाजूस येणाऱ्या खळग्यांकडे या दोघांनी विशेष लक्ष दिले. हा सुळा गर्भावस्थेच्या उत्तरार्धात व जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात घडतो; म्हणून त्यावरील खळगा बालकाइतकाच मातेच्या पोषणाकडेही बोट दाखवितो. बदलापूरच्या आसपासच्या कातकरी व ठाकूर वाड्यांतून जी मुले आमच्याकडे येतात, त्यांच्या खालच्या दुधाच्या सुळ्यांवर अगदी असाच खळगा आम्ही पाहिला आहे. किडका दात समजून आम्ही तो सोडून देत होतो. आता नोंद करतो, व मातेच्या गर्भारपणातील आहाराविषयी विचारतो. बाल रुग्णाचे तोंड उघडून जिव्हापरीक्षा आपण करतोच. आणखी दोन क्षण सुळ्यासाठी द्यावेत, अशी सदस्यांस विनंती आहे.

पुढचा अभ्यास डॉ. ग्वेन रॉबिन्स शूग यांचा. इनामगाव, नेवासे व दायमाबाद येथील बालकांच्या ऊर्वस्थींची लांबी व मधल्या भागाची जाडी मोजून त्यांनी उंची व वजन यांचा अंदाज बांधला, आणि दातांच्या वाढीवरून ठरविलेल्या वयाशी तो ताडून पाहिला. उत्तर जोर्वे काळातील, म्हणजे इ. स. पूर्व १००० नंतरच्या, इनामगावच्या मुलांची वाढ खुंटली होती, असे त्यांस आढळले. दात वयाप्रमाणे पुढे गेलेले, हाडे मागे राहिलेली. त्या काळात मुले पुष्कळ जन्मत होती आणि पुष्कळ दगावत होती, असेही गणित त्यांनी २०११ च्या ग्रंथात मांडले. पाऊस घटला, शेती बुडाली व गाव उठले, हे ढवळीकरांचे विवेचन तोवर सर्वमान्य होते. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, हा त्याचा दृश्य पुरावा. शूग यांचे म्हणणे असे, की केवळ पावसावर सर्व भार टाकता येत नाही. जमिनीचा वापर, लोकसंख्या आणि आहार यांचाही हिशेब करावा लागतो. हा वाद आपल्या शास्त्राच्या भाषेत सांगावयाचा तर निदान एक की अनेक, याचा आहे. आम्हांस दुसरे मत अधिक पटते, कारण कुपोषित मूल एकाच हेतूने आजारी पडलेले आम्ही क्वचितच पाहिले आहे.

तथापि अस्थी जे सांगत नाहीत, तेही इनामगावातच शिकावे. तेथील प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरले आहे आणि बहुतेकांची पावले घोट्यापासून तोडलेली आहेत. मृतात्म्याने चालत परत येऊ नये म्हणून, असा तर्क केला जातो. पावले तोडली, हे अस्थीवरून दिसते. का तोडली, हे दिसत नाही. एका प्रौढ पुरुषास तर मातीच्या चार पायांच्या, मोठ्या पोटाच्या रांजणात मांडी घातल्यासारखे बसविले होते, आणि त्याची पावले शाबूत होती. तो गावचा मुख्य असावा, असेही म्हणतात. असेल. आम्ही येथे 'दर्शन' आणि 'अनुमान' अशा दोन वेगळ्या ओळी आखून ठेवणे पसंत करतो.

या दोन ओळींची सरमिसळ झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण उल्हासनगरकरांस परके नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जी सिंधी कुटुंबे आली व ज्यांच्यामुळे हे शहर उभे राहिले, त्यांतील कित्येकांचे मूळ लारकाणा जिल्ह्यातले. मोहेंजोदडो त्याच जिल्ह्यात आहे. तेथील गल्ल्यांत व घरांत अस्ताव्यस्त पडलेले सुमारे ३७ सांगाडे मिळाले होते. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये ते आर्यांनी केलेल्या कत्तलीचे बळी ठरविले आणि थेट इंद्रावर आरोप ठेवला. पाठ्यपुस्तकांतून ही कथा अनेक वर्षे शिकविली गेली. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखविले की हे सांगाडे एकाच वेळचे नाहीत, आणि लढाई जेथे व्हावयास हवी त्या बालेकिल्ल्यात तर एकही नाही. पुढे केनेथ केनेडी या न्यायवैद्यकीय मानवशास्त्रज्ञाने अस्थी पुन्हा तपासल्या. शस्त्राच्या जखमा म्हणून सांगितलेल्या बहुतेक भेगा मृत्यूनंतर मातीच्या दाबाने व झिजेने पडलेल्या निघाल्या. प्राणघातक म्हणता येईल अशी इजा एखाद्-दुसरीच. उलट काही कवट्यांवर रक्ताल्पतेच्या, आपल्या शब्दांत पांडुरोगाच्या, चाळणीसारख्या खुणा होत्या. जेथे शत्रूची तलवार पाहिली गेली, तेथे हिवतापासारख्या व्याधीचा पुरावा होता. आमच्या एका सिंधी सहकाऱ्यांनी ही हकीकत ऐकून, "म्हणजे आमच्या गावची केस रीओपन झाली," असा शेरा मारला.

रूपकुंडाचेही तसेच झाले. हिमालयातील त्या तळ्याकाठचे सर्व लोक एकाच गारपिटीत मेले, ही समजूत महाराष्ट्रात बरीच रुजली होती, कारण प्रा. इरावती कर्वे यांच्यापासून वाळिंबे यांच्यापर्यंत अनेक मराठी अभ्यासकांचा तेथे संबंध आला. २०१९ मध्ये ३८ व्यक्तींच्या डीएनएचा अहवाल आला. त्यांतील २३ भारतीय वंशाचे होते, १४ पूर्व भूमध्य प्रदेशातील, एक आग्नेय आशियातील. आणि या गटांमध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर होते. कवट्यांवरील काही आघात खरे होते. 'सर्व' आणि 'एकाच वेळी' हे दोन शब्द तेवढे चुकले होते.

अचूक निदान कसे असते, हे पाहावयाचे तर राजस्थानात उदयपूरजवळील बालाथल येथे जावे. डेक्कन कॉलेजच्याच उत्खननात तेथे इ. स. पूर्व २००० च्या सुमाराचा, गोवरीच्या राखेने भरलेल्या दगडी आवारात पुरलेला एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा मिळाला. रॉबिन्स, डॉ. वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, डॉ. वि. ना. मिश्र, डॉ. वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. नाकाच्या छिद्राच्या कडा झिजून गोल झालेल्या, नाकाखालचा अस्थीचा काटा नाहीसा, वरच्या जबड्याचा पुढचा भाग क्षीण. महारोगाचा तोवर सापडलेला हा जगातील सर्वांत जुना अस्थिपुरावा ठरला. आता सुश्रुतसंहितेचे निदानस्थान उघडावे. कुष्ठ अस्थि-मज्जेत पोहोचले म्हणजे नासाभंग होतो, नेत्र लाल होतात, व्रणांत कृमी पडतात, स्वर बिघडतो, असे तेथे सांगितले आहे. बालाथलचा पुरुष या वर्णनातील पहिल्या लक्षणाचा साक्षीदार आहे. मात्र येथेही घाई नको. आपले 'कुष्ठ' अठरा प्रकारांचे व व्यापक आहे. प्रत्येक कुष्ठ म्हणजे महारोग नव्हे. संहितेतील एक लक्षण आणि हजारो वर्षांपूर्वीची एक अस्थी जुळली, एवढेच आपण म्हणावे. एवढेही थोडे नाही.

या शास्त्राच्या दृष्टीने आपला परिसर मात्र मुका आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे अंबरनाथाचे शिवालय आपल्या दारात उभे आहे. ज्या पाथरवटांनी ते घडविले, त्यांचे गुडघे व मनगटे किती झिजली होती, त्यांची मुले काय खात होती, हे सांगणारी एकही अस्थी आपल्याजवळ नाही. देह दहन झाले. जे पुरले असतील, त्यांच्या अस्थी कोकणच्या मुसळधार पावसाने व आम्ल मातीने विरघळविल्या असणार. घाटावरच्या चुनखडीमिश्रित मातीने जे सांभाळले, ते इकडे टिकत नाही. डीएनएची आशा तर आणखी कमी. हरियाणातील राखीगढीच्या साठाहून अधिक नमुन्यांतून, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, एकाच स्त्रीचा जनुकीय आलेख मिळू शकला.

म्हणजे आमच्या हाती जी एक अस्थिमाला आहे, ती पेटीतील स्त्रीचीच. ती आपल्या परिसरातील आहे असेही नाही. आम्ही शिकत होतो त्या काळात वैद्यकीय शिक्षणासाठी लागणारे सांगाडे मोठ्या प्रमाणावर कोलकात्याहून जगभर जात. कोणाचे देह, कोणत्या संमतीने, याचा हिशेब नसे. त्यावर बराच गदारोळ झाल्यावर १९८५ मध्ये केंद्र सरकारने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. देशातल्या देशात वर्गावर्गांतून फिरणाऱ्या पेट्यांचा प्रश्न तसाच राहिला. इनामगावच्या मुलास त्याच्या माणसांनी मडक्यांत निजवून पुरले होते. अभ्यासकांनी त्यास बाहेर काढले, तेव्हा त्याचा क्रमांक, खोली, दिशा, सोबतचे मडके, सारे लिहून ठेवले. म्हणून आज त्याच्याविषयी काही बोलता येते. आमच्या पेटीवर कोण्या विद्यार्थ्याने नखरंगाने लिहिलेला पाचशे रुपयांचा आकडा तेवढा होता.

काय करावे, यावर आमच्यात मतभेद आहेत. ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत, विधिपूर्वक दहन करावे व विषय संपवावा. दोघांचे मत, एखाद्या महाविद्यालयाच्या शारीर विभागाकडे रीतसर पत्र देऊन सोपवावा. तिच्यावर अजून विद्यार्थी शिकतील. ज्या भगिनींनी सुळ्यावरील रेघ प्रथम पाहिली, त्या म्हणतात की आपण तिला इतके ओळखले, आता निदान ही ओळख तिच्यासोबत लिहून द्यावी, मग ती अग्नीत जावो वा कपाटात. त्यांचे म्हणणे सर्वांनी मान्य केले. धुऊन, सावलीत वाळवून, मऊ कापडात गुंडाळलेल्या अस्थींवर आता एक कागद ठेवला आहे : 'बहुधा स्त्री. वय वीस ते पंचवीस. उंची सुमारे दीड मीटर. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोठे आजारपण, त्यातून बरी झाली. मृत्यूचे कारण अस्थींवरून कळत नाही.'

ज्या सदस्यांच्या घरी वा चिकित्सालयात अशा पेट्या पडून आहेत, त्यांनी पुढील त्रैमासिक सभेपूर्वी कार्यकारिणीस तोंडी वा लेखी कळवावे. प्रथम पेटी उघडून सुळे पाहावेत.